जिप्सीच्या एकवीस दिवसांबद्दल मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या जिप्सीत आम्ही दुसरी बॅटरी आणि तिचं वायरिंग बसवलं, त्या कामाबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. "आठ दिवस सांगून गाडी एकवीस दिवस अडकवली. काम काय, तर एक फ्यूज बॉक्स आणि चार वायरी. उद्यमनगरातला बारका पोरगा दोन दिवसांत करून देतो. फोन उचलत नाहीत. स्विचवरची नावंसुद्धा उलटी. तिलारीची ट्रिप बुडाली." एवढंच आहे, पण झोप लागली नाही.

स्विचचं आधी. कंप्रेसर आणि मागची लाईट यांचे स्टिकर अदलाबदल झाले, ही चूक आमचीच. गाडी देण्याआधी एकेक बटण मी स्वतः दाबून बघायला पाहिजे होतं. फोनचंही खरं आहे. दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो.

आता एकवीस दिवस. हे मात्र मला बोललंच पाहिजे, कारण हा आकडा वाचून उद्या दुसरा माणूस गाडी घेऊन येणार नाही.

जॉब रजिस्टर समोर घेऊन बसलोय. गाडी २६ सप्टेंबरला आली, १६ ऑक्टोबरला गेली. दोन्ही टोकं धरली तर एकवीस भरतात, तुमची मोजणी बरोबर आहे. त्यात २९, ६ आणि १३ हे तीन सोमवार. आमची सुट्टी सोमवारी असते, दारावर बोर्ड आहे. १ आणि २ तारखेला खंडेनवमी आणि दसरा. खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडलेली असतात, त्या दिवशी आम्ही पान्याला हात लावत नाही. तुमच्या जिप्सीलाही पोरांनी झेंडूचा हार घातला होता. फोटो पाठवला तेव्हा तुम्ही उलट हात जोडलेले पाठवले होते, तो मेसेज अजून आहे माझ्याकडं.

४ तारखेला सकाळी तुमचा फोन आला, गडहिंग्लजला पाहुण्यांकडं जायचंय, दोन दिवस गाडी द्या. अर्धा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बाहेर लोंबत होता. मी नको म्हणालो, तुम्ही म्हणालात गाडी माझी आहे. बरोबर आहे, गाडी तुमचीच. सगळं बांधून, उघडी टोकं झाकून दिली. ती परत आली ७ ला रात्री. आली तेव्हा आमच्या बसबारवर, म्हणजे करंट वाटणाऱ्या पट्टीवर, कुणीतरी एक वायर मारलेली, मधे फ्यूज नाही, वर टेप गुंडाळलेली, पुढं म्युझिकच्या अँपला गेलेली. कुणी मारली ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. ती शोधून काढायला दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ गेली, तरी ती सकाळ मी तुमच्या खात्यात धरत नाही. ४, ५ आणि ७ एवढे तीनच धरतो.

त्याच दिवशी, म्हणजे ८ ला दुपारी, तुम्ही म्हणालात की मित्राकडून १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी मिळतीय, तीच बसवा. आणि त्याच फोनवर, ११ ला तिलारीला निघायचंय. साहेब, तिलारीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि काम सगळं साध्या एजीएम, म्हणजे शिशाच्याच, बॅटरीच्या हिशोबानं केलेलं होतं, तसा आयसोलेटर, म्हणजे दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच, बसवून झाला होता. तो १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ ला सोडतो. गाडी बंद केल्यावर शिशाची बॅटरी थोड्या वेळानं १२.७ वर येते, म्हणजे तो आपोआप सुटतो. लिथियम मात्र नुसती उभी असताना १३.२-१३.३ दाखवते. ती बरीच उतरेपर्यंत आयसोलेटर सुटणारच नाही, दोन्ही बॅटऱ्या रात्रभर एकमेकींच्या गळ्यात. शिवाय रिकामी लिथियम अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) देईल तेवढा करंट ओढत बसते आणि अल्टरनेटर तापतो. त्यामुळं मधे करंट आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जरच लागतो. तो पुण्याहून मागवला, ११ ला संध्याकाळी हातात आला. म्हणजे ९, १० आणि ११ वाट बघण्यात गेले. नव्या बॅटरीच्या मापाचा ब्रॅकेट तेवढ्यात कापून घेतला, पण तेही सोडून देतो.

तीन, दोन, तीन आणि तीन, अकरा झाले. राहिले दहा. २६ ला गाडी आली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते, शटर अर्धं खाली होतं. तो दिवस कुणाच्या खात्यात धरायचा ते तुम्हीच सांगा. मी तो धरत नाही, म्हणजे नऊ. आठ सांगितले होते. पॅनलची प्लेट पावडर कोटिंगवाल्याकडं एक दिवस अडकली, तो दिवस माझा. कबूल.

एका दिवसाला एक स्टार.

"चार वायरी" वाचून जास्त लागलं. तुम्ही पहिल्या दिवशी घरातल्या बोर्डाला वापरतात ती अडीच एमएमची वायर पिशवीत घालून आणली होती, आठवत असेल. बोनेटमधल्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत पाच मीटर, परतीची पाच, झाली दहा मीटर. ३० अँपिअर सोडले की त्या वायरीतच दोन व्होल्टच्या वर पडतात, म्हणजे साठ-पासष्ट वॅटची शेगडी कार्पेटखाली पेटवून ठेवल्यासारखं. आम्ही सोळा एमएमची टाकली, तिच्यात एक तृतीयांश व्होल्ट पडतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलपासून एका वितीच्या आत मोठा फ्यूज आहे, कारण फ्यूज वायरीला वाचवायला असतो आणि बॅटरी आणि फ्यूजच्या मधे वायर बॉडीला घासली तर तिला वाचवणारं कुणी नाही. तुमचा लाईट बार १८० वॅटचा, म्हणजे १५ अँपिअर, तो रिलेवरून, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचवरून, चालतो. डॅशवरच्या स्विचमधून पाव अँपिअरसुद्धा जात नाही, म्हणून तो स्विच गरम होणार नाही. वायरींच्या टोकांचे लग हायड्रॉलिक प्रेसवर दाबलेत, सोल्डर केलेले नाहीत. सोल्डर वायरीत वर चढतं, तिथं वायर कडक होते आणि खड्ड्याच्या हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. यातलं काही दिसत नाही, मान्य. सगळं सीटच्या मागं झाकलेलं आहे.

दोन दिवसांत करणाऱ्या बारक्या पोराबद्दल मी वाईट बोलणार नाही. मीही उद्यमनगरातलाच बारका पोरगा. वडील मोटर रिवायंडिंग करायचे, शाळा सुटली की मी त्यांच्यासमोर तांब्याची तार सोडत बसायचो. दोन दिवसांत लाईट लागतात, नाही असं नाही. गगनबावड्याच्या पावसात त्या चालू राहिल्या का, हे मात्र जुलैत कळतं.

माझ्याकडं तीन पोरं कामाला आहेत, दर शनिवारी पगार. तुमचा रिव्ह्यू पडल्यावर इचलकरंजीच्या एका गुर्खा जीपवाल्यानं फोन करून पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही एकवीस दिवस लावता का?" मी सांगत बसलो सोमवार, दसरा, गडहिंग्लज. बघतो म्हणाले आणि ठेवला. त्यांना तरी काय समजणार.

पैशांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, त्याबद्दल आभार. इथून पुढं एस्टिमेटवर तारीख लिहून द्यायची आणि मधेच सामान बदललं तर तारीखही बदलेल असं छापून घ्यायचं ठरवलंय. फोनसाठी एक माणूस ठेवायचा विचार आहे, जमलं तर दिवाळीनंतर.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. जे तुमच्या वाट्याला आलं ते तुम्ही लिहिलं. एकवीसच्या शेजारी गडहिंग्लजचे तीन दिवस तेवढे लिहिलेत तर बरं होईल.

स्विचचे नवीन स्टिकर काढून ठेवलेत, पाच मिनिटांचं काम आहे. गाडी ५०० किलोमीटर चालली असेल तर टर्मिनलचे नट एकदा परत आवळायचे असतात, तेही करून देतो, त्याचे पैसे नसतात. फक्त सोमवारी येऊ नका.