हप्ता वजा भाडं

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली की पोरांना हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: बँकेच्या पैशावर फ्लॅट घेऊन टाक, हप्ता भाडेकरूच भरेल. पुण्यात तरी हे खरं नाही. आणि त्या भरवशावर बुकिंग करणारी मुलं बघितली की माझा जीव तुटतो.

वाघोली किंवा मोशीकडचा 50 लाखांचा तयार फ्लॅट धरू. बँकेने 80 टक्के, म्हणजे 40 लाख दिले. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता बसतो साधारण 34,700 रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात 28,300 नुसतं व्याज. भाडं 14 हजार आलं, तर ते व्याजाच्या निम्म्याला पुरतं. वर सोसायटीचा मेंटेनन्स, एजंटची दलाली, भाडेकरू गेल्यावरचा रिकामा महिना. दर महिन्याला पगारातून 23-24 हजार घालावेच लागतात.

आता पाच वर्षांनी विकायचं म्हणू. भाव दरसाल 5 टक्क्यांनी वाढला तर 63.8 लाख येतील. लोक लगेच सांगतात, 10 लाख घातले आणि 14 लाख सुटले! पण बँकेचे सव्वापस्तीस लाख अजून द्यायचे असतात. हातात राहतात साडेअठ्ठावीस. आणि घातले किती? स्वतःचे 10 लाख, मुद्रांक शुल्क-नोंदणीचे 3.8, आणि पाच वर्षं पदरचे भरलेले 14 लाखांच्या वर. म्हणजे 28! विकतानाची दलाली आणि कर त्या साडेअठ्ठावीसमधूनच जाणार. भाव वाढलाच नाही, तर पावणेपंधरा लाख परत येतात, बाकीचे गेले. 2014 नंतर पुण्याच्या बऱ्याच भागांत भाव वर्षानुवर्षं जागचे हलले नव्हते, हे आजचे विशीतले खरेदीदार कुठून आठवणार?

व्याजदरही आपल्या हातात नसतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला. अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत वाढली आणि ते कित्येकांना फार उशिरा कळलं. करसवलतीचा हिशेबही तपासा: नव्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, पगारातून वजा होत नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर साधारणपणे 5 टक्के जीएसटी वर, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य.

मला सगळ्यात भीती वाटते ती डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढण्याची. गृहकर्जात ठरावीक हिस्सा ग्राहकाचा स्वतःचा असावा हा रिझर्व्ह बँकेचा नियम याचसाठी आहे. तो हिस्साही उसना आणला, तर नोकरी गेल्यावर आधाराला काहीच उरत नाही.

कर्ज काढून गुंतवणूक करूच नये असं माझं म्हणणं नाही. निम्मे पैसे स्वतःचे असतील तर 25 लाखांवर हप्ता 21,700 च्या आसपास येतो आणि पदरचे दहा-अकरा हजार जातात. हे एका पगारात झेपतं. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा सरकारी दाखला) असलेला, कंपन्यांच्या जवळचा जुना वन बीएचके बघा. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, इथे खरं भाडं किती मिळतं आणि फ्लॅट किती दिवस रिकामे राहतात. सहा महिन्यांचे हप्ते एफडीत बाजूला ठेवा, आणि मगच टोकन द्या.