खुलासा : ऑबर्नच्या ओक झाडांना रेडिओवरच्या चिथावणीमुळे विष घातलं गेलं नाही

‘अमेरिकेत एका रेडिओ निवेदकाने श्रोत्याला भर कार्यक्रमात चिथावलं आणि त्याने प्रतिस्पर्धी कॉलेजच्या झाडांना विष घातलं’ असा दावा फिरतोय. घटना खरी आहे, पण क्रम उलटा लावलाय.

अलाबामा आणि ऑबर्न या विद्यापीठांचं अमेरिकन फुटबॉलमधलं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. नोव्हेंबर 2010 मध्ये 24-0 ने मागे असलेल्या ऑबर्नने सामना 28-27 असा खेचून आणला. ऑबर्न जिंकलं की तिथले लोक टूमर्स कॉर्नर या चौकातल्या दोन जुन्या ओकवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकून जल्लोष करायचे. अलाबामाच्या एका समर्थकाचा राग त्याच झाडांवर निघाला.

27 जानेवारी 2011 ला रेडिओ निवेदक पॉल फाइनबॉम यांच्या कार्यक्रमात ‘डेडव्हिलचा अल’ म्हणून एकाने फोन केला. सामन्यानंतरच्या आठवड्यातच आपण स्पाइक 80डीएफ हे तणनाशक घातलं, असं तो म्हणाला. म्हणजे फोन आला तेव्हा विष आधीच मुळांशी गेलं होतं! फाइनबॉम यांनी उलट विचारलं, हे बेकायदेशीर नाही का? त्या फोनमुळेच मातीची तपासणी झाली आणि फेब्रुवारीत तो फोन करणाऱ्या हार्वी अपडाइकला अटक झाली. 2013 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. बरेच उपाय करूनही झाडं वाचली नाहीत, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती तोडावी लागली.

असे कार्यक्रम वैर तापतं ठेवतात, ही टीका मला पटते. पण म्हणून या गुन्ह्याचं खापर निवेदकावर फोडणं चुकीचं आहे. आणि सगळ्या अलाबामा समर्थकांवरही नको, कारण त्यांच्यातल्याच काहींनी या झाडांसाठी वर्गणी गोळा केली होती.