‘बाबासाहेबांनी कुठे सवलत मागितली होती?’ असं विचारणाऱ्यांना

‘करदात्या, जागा हो’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि शाळांच्या पालक-ग्रुपवर फिरतोय. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागा बंद करा, ही त्यातली मागणी. त्यासाठी पाच मुद्दे दिलेत. आमच्या टॅक्सवर हे फुकट शिकतात. यांच्यामुळे वर्गाचा दर्जा घसरतो. हुशार मूल रस्त्यावरच्या दिव्याखालीही शिकतं, बाबासाहेबांनी कुठे सवलत मागितली होती. पालिकेच्या शाळा आहेतच, तिथे जा. आणि शाळांवर उधळलेला पैसा मेट्रो-उद्योगांना द्या, विकास आपोआप होईल.

असले मेसेज मी सहसा वाचून सोडून देते. पण हा आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मोबाइलवर आला, तोही त्यांच्या मुलीच्या दुसरीच्या वर्गाच्या ग्रुपवर. मुलीचा नंबर या जागांच्या सोडतीत लागला म्हणून ती त्या शाळेत आहे. मेसेजखाली बऱ्याच पालकांनी अंगठे दिले होते. पिठाचे हात पुसून ताईंनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “वहिनी, आमच्या पोरीला काढतील का हो?”

म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. काढता येणार नाही. कायद्याचं कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पंचवीस टक्क्यांची तरतूद कलम १२ मध्ये आहे आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून मोकळं केलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे ‘पालिकेच्या शाळेत जा’ हा मेसेजमधला मुद्दा कोर्टात हरून आलेला आहे.

आता टॅक्स. या मुलांसाठी राज्य सरकार खासगी शाळांना जी प्रतिपूर्ती, म्हणजे फीची भरपाई, देतं, तिची कमाल मर्यादा गेल्या काही वर्षांत एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये राहिली आहे. दुसरीकडे, जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या ट्यूशन फीवर प्राप्तिकरात दीड लाखापर्यंत वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने ही मर्यादा फीनेच भरली, तर सेस धरून त्याचे ४६,८०० रुपये वाचतात. हा पैसाही सरकारी तिजोरीतूनच जातो, पण त्याला कोणी फुकट म्हणत नाही. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, ताईंच्या मोबाइल रिचार्जवर मात्र १८ टक्के आहे. करदात्या आहेत त्या.

दर्जा घसरतो, हा मुद्दा मला सगळ्यात विषारी वाटतो, कारण तो दुसरीतल्या मुलांच्या कानावर जातो. यावर आपल्याच देशात नीट अभ्यास झालेला आहे. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतल्या अशा खासगी शाळा तपासल्या, जिथे गरीब मुलांना प्रवेश देणं बंधनकारक झालं होतं. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गणित आणि हिंदीत श्रीमंत मुलांच्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही. इंग्रजीत किंचित घट दिसली, तेही सांगून टाकते. पण त्याच अभ्यासात रिले शर्यतीचा एक प्रयोग आहे. बक्षीस असलेल्या शर्यतीसाठी मुलांना जोडीदार निवडायला सांगितलं. गरीब वर्गमित्रांची सवय नसलेली मुलं जलद धावणाऱ्या गरीब मुलाला टाळून, हळू धावणाऱ्या श्रीमंत मुलाला घेण्याकडे जास्त झुकली. ज्यांच्या बाकावर गरीब मुलं बसत होती, त्यांनी असा भेदभाव कमी केला. इंग्रजीतले थोडे गुण एका पारड्यात आणि हे दुसऱ्या पारड्यात टाकून आपापल्या मुलाचा विचार करावा.

आणि आता बाबासाहेब. हे वाक्य लिहिणाऱ्याने त्यांच्या चरित्राचं एक पानही उघडलेलं नाही. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. मुंबईत ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले, ती सरकारी शाळा होती. तिथे संस्कृत शिकायची इच्छा असूनही शिकू दिलं नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे केळुसकर गुरुजींचं लक्ष गेलं आणि त्यांनीच शब्द टाकल्यावर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती सुरू केली. तेव्हा कुठे कॉलेज पूर्ण झालं. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला. मेहनत त्यांचीच होती, त्याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण सरकारी शाळा आणि दोन संस्थानिकांचा पैसा यांतून काढून टाका आणि मग सांगा ती मेहनत कुठपर्यंत पोचली असती. त्या काळच्या परळच्या चाळींत तेवढीच मेहनत करणारी बाकीची मुलं गिरणीत गेली.

सवलत मागितली होती का? मागितली होती, याच शहरात, भर सभागृहात. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला की सरकार लोकांकडून दारूवरच्या अबकारी करातून जेवढं घेतं, तेवढंही शिक्षणावर खर्च करत नाही. निदान तेवढं तरी करावं. शिक्षण सगळ्यांच्या आवाक्यात आलं पाहिजे आणि खालच्या वर्गांसाठी उच्च शिक्षण शक्य तितकं स्वस्त केलं पाहिजे, ही त्यांची मागणी होती. आणि सगळ्या समाजांना एका पातळीवर आणायचं असेल तर जे खाली आहेत त्यांना झुकतं माप देणं हाच उपाय आहे, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. ते भाषण त्यांच्या प्रकाशित खंडांत आहे, कोणालाही वाचता येईल. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. दिव्याखाली शिका असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

विकास आपोआप होतो, यावर लालबाग-परळच्या माणसाशी बोलावं. १९८२च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल आणि ऑफिसांचे टॉवर उभे राहिले. पैसा आला, नोकऱ्याही आल्या, पण त्या इंग्रजी येणाऱ्या पदवीधरांच्या होत्या. चाळीतल्या ज्या मुलांची शाळा घरचा पगार थांबल्यावर सुटली, ती त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून लागली. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा असं देशाच्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं होतं आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तोच आकडा पुन्हा लिहावा लागला.

अशा मेसेजमागची एक तक्रार मात्र खरी आहे. उत्पन्नाचे खोटे दाखले काढून, खोटे भाडेकरार दाखवून सुस्थितीतली काही मंडळी या जागा लाटतात. वर्षाला एक लाख उत्पन्नाच्या मर्यादेत मुंबईत प्रामाणिकपणे बसणारं घर शोधावं लागेल, ही त्या मर्यादेचीही चूक आहे. सरकार शाळांची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकवतं, हेही खरं, आणि त्याचा राग काही शाळा या मुलांवर काढतात. यावर उपाय दाखले तपासण्याचा आहे, पैसे वेळेवर देण्याचा आहे. जागा बंद करण्याचा नाही.

करदात्यांना खरंच जाब विचारायचा असेल तर आठवीनंतरचा विचारा. कायद्याचं संरक्षण तिथे संपतं. आठ वर्षं ज्या मुलीला त्या वर्गाची, त्या भाषेची, त्या मैत्रिणींची सवय लावली, तिच्या आईच्या हातात नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीचं चलन येतं. तेव्हा ती मुलगी शाळा बदलते, माध्यम बदलते, किंवा घरी बसते. ही तरतूद दहावीपर्यंत वाढवा, अशी मागणी करणारा मेसेज कोणी लिहिला तर मी तो माझ्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर टाकीन.