ट्रेनरवरचे किलोमीटर चॅलेंजमध्ये धरू नका

पाऊस लागला की पुण्यातल्या आमच्या सायकल ग्रुपवर दोन जमाती तयार होतात. एक, खड्डे चुकवत सिंहगड पायथा गाठून चिखलाने माखलेले फोटो टाकणारी. दुसरी, घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) घाम गाळून रात्री स्क्रीनशॉट टाकणारी. मी दुसऱ्या जमातीतला. चाळिशी उलटल्यावर ओल्या रस्त्यावर हाडं पणाला लावायची हौस उरलेली नाही. तरीही आज आपल्याच माणसांच्या विरोधात लिहितोय: महिन्याच्या किलोमीटर चॅलेंजमध्ये ट्रेनरचे किलोमीटर धरू नका.

ट्रेनरवरची सायकल एक इंचही पुढे सरकत नाही. स्क्रीनवर दिसणारे किलोमीटर हा कुणीतरी मांडलेला हिशेब असतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. साध्या ट्रेनरवर मागच्या चाकाला स्पीड सेन्सर लावला असेल तर चाक किती फिरलं एवढंच मोजलं जातं. चाकाला टेकणारा रोलर जरा सैल सोडला की तुम्ही ताशी ४० ने उडायला लागता. झ्विफ्ट या घरबसल्या सायकलिंगच्या अ‍ॅपवर वेगळीच तऱ्हा. तिथे तुमचे वॅट (पेडलवर दर सेकंदाला लावलेली मेहनत), तुम्हीच भरलेलं वजन आणि उंची, आणि पडद्यावरच्या रस्त्याचा चढ-उतार यांवरून वेग काढतात. प्रोफाइलमध्ये वजन दहा किलोंनी कमी लिहा, फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या २१ वळणांची तिथली नक्कल बघा कशी पटापट चढता येते. (आमच्या ग्रुपवर काहींचं वजन पावसाळ्यातच का उतरतं, हा वेगळा विषय.)

पटत नसेल तर घरी करून बघा. स्मार्ट ट्रेनर अर्ग मोडवर (ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतःच राखतो त्या मोडवर) टाकून १५० वॅट लावा. सायकल कॉम्प्युटरला ट्रेनरकडूनच येणारा वेग दाखवू द्या. केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) तोच ठेवून आधी हलका गिअर लावा, मग जड. पायांना फरक जाणवत नाही, कारण ट्रेनर ब्रेक कमीजास्त करून १५० वॅटच ठेवतो. वेग मात्र जवळपास दुप्पट होऊ शकतो. मेहनत तीच, किलोमीटर दुप्पट! यावर मेडल द्यायचं?

मग ट्रेनरवर खरं काय असतं? वॅट. १९८० च्या दशकात उलरिश शोबेरर या जर्मन इंजिनिअरने क्रँकमध्ये स्ट्रेन गेज (ताण मोजणारे सेन्सर) बसवून पॉवर मीटर बनवला, तेव्हापासून सायकलस्वाराची मेहनत थेट मोजता यायला लागली. १५० वॅट तासभर टिकवले तर ५४० किलोज्यूल काम होतं. आपलं शरीर खाल्लेल्या ऊर्जेतली साधारण पाव ऊर्जाच पेडलपर्यंत पोचवतं आणि एक किलोकॅलरी म्हणजे सव्वाचार किलोज्यूलच्या आसपास. हे दोन्ही एकमेकांना काटतात, त्यामुळे जेवढे किलोज्यूल, ढोबळमानाने तेवढ्याच किलोकॅलरी. घड्याळ नऊशे दाखवत असलं तरी मिसळ ५४० च्याच हिशेबाने खावी.

वॅटचीही पूजा नको. चांगल्या ट्रेनरची अचूकताही एक-दोन टक्क्यांच्या फरकाची असते, म्हणजे २०० वॅटवर चार इकडे, चार तिकडे. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे जास्तीत जास्त वॅट) तीन वॅटने वाढला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी आधी ट्रेनर तापू द्यावा आणि कॅलिब्रेट करावा. वीस मिनिटांच्या टेस्टचे ९५ टक्के घेऊन काढलेला तो अंदाज आहे, सातबारा नव्हे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवतो तो वॅट आणि हृदयाचे ठोके एकत्र दाखवणारा आलेख. जुलैतली बंद खोली, पंखा दुसऱ्या बाजूला. १५० वॅटवर सुरुवातीला ठोके १३२, शेवटी १४८. वॅटची रेघ सपाट, ठोक्यांची चढती. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि हृदयाला तेच काम जास्त ठोक्यांत करावं लागतं. टेबल फॅन थेट छातीवर सोडला, खिडकी उघडली आणि मधूनमधून पाणी पीत गेलो, तर तीच राइड शेवटी १४० च्या आतबाहेर राहते. फिटनेस एका दिवसात वाढला नाही, पंखा हलला. एवढं समजायला मनगटावरच्या घड्याळापेक्षा छातीचा पट्टा बरा. आणि हँडलबारवर टॉवेल टाका, घामाने स्टेमचे बोल्ट गंजतात.

आता वाद घालणारे म्हणतील, किलोमीटरऐवजी किलोज्यूल धरले तर दणकट माणसाचाच फायदा. मान्य. मग तास धरा. घरातला एक तास तर बराच कसाचा असतो, उतारावर पाय थांबवायची सोय नाही की सिग्नलची विश्रांती नाही.

अ‍ॅडमिन, ऑगस्टच्या शीटमध्ये ‘घरातले तास’ असा एक कॉलम वाढवा. पाठवणाऱ्यांनी स्क्रीनशॉटमध्ये वॅट आणि ठोके दिसू द्यावेत. वेगाचा आकडा कापून टाकला तरी चालेल.