‘2030 मधल्या 85 टक्के नोकऱ्या आज अस्तित्वातच नाहीत’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात केज तालुक्यातून माझ्या दाजींचा फोन आला आणि भाचीने भरलेला अभियांत्रिकी प्रवेशाचा अर्ज मागे घ्यावा का, असे त्यांनी मला विचारले. मुलीला सीईटीत चांगले गुण आहेत, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे संगणक शाखा मिळेल अशी तिला आशा आहे, आणि तरीही घरात हा प्रश्न उभा राहिला. कारण गावच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा एक संदेश आधी दाजींनी वाचला, मग तिच्या चुलत्यांनी, आणि बघता बघता तो सगळ्या भावकीत पोहोचला. मलाही तो त्याआधी तीन गटांतून आला होता आणि तिन्ही वेळा मी त्याकडे दुर्लक्ष केले होते. वाळूजच्या एका कारखान्यात अठरा वर्षे संगणक विभाग सांभाळणाऱ्या माणसाने तेव्हाच उत्तर द्यायला हवे होते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जगातील नामांकित तंत्रज्ञान-विश्लेषक संस्थांचे अंदाज चुकत नाहीत, म्हणूनच मोठ्या कंपन्या त्यांना कोट्यवधी रुपये मोजतात. या संस्थांच्या मते 2030 मधल्या 85 टक्के नोकऱ्या आज अस्तित्वातच नाहीत आणि एआयमुळे जगातील 30 कोटी नोकऱ्या जाणार आहेत. त्यामुळे चार वर्षांची पदवी वाया जाणार असून सहा महिन्यांचा एआय अभ्यासक्रम करणे हाच शहाणपणा आहे. शेवटी एका खासगी क्लासचा नंबर आणि 80 हजार रुपये शुल्काचा उल्लेख आहे.

सर्वांत आधी 85 टक्क्यांबद्दल, कारण दाजींना सर्वाधिक धक्का याच आकड्याने बसला. हा आकडा 2017 मध्ये डेल टेक्नॉलॉजीज ही संगणक विकणारी कंपनी आणि अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर द फ्यूचर यांनी मिळून काढलेल्या एका अहवालातून आला आहे. त्यासाठी कोणत्याही देशातील रोजगाराची मोजणी झालेली नव्हती. सुमारे 20 तज्ज्ञांना एका कार्यशाळेत बोलावण्यात आले आणि त्यांनी तिथे व्यक्त केलेला अंदाज अहवालात छापला गेला. खोलीत बसलेल्या वीस जणांचे ते मत होते, आणि तेच मत भाषणांतून व जाहिरातींतून फिरत फिरत केज तालुक्यात ‘संशोधन’ म्हणून येऊन पोहोचले आहे.

या आकड्याची परीक्षा घ्यायला संगणकाचीही गरज नाही. 2030 ला आता थोडीच वर्षे उरली आहेत. लातूरच्या आडत बाजारातला मुनीम, अंबाजोगाईच्या रुग्णालयातली परिचारिका, महावितरणचा वायरमन, एसटीचा चालक, झेडपी शाळेतले गुरुजी, शेंद्र्याच्या कारखान्यातला सीएनसी ऑपरेटर आणि तहसील कार्यालयातला कारकून यांची कामे तोवर बदलतील, काहींची बरीच बदलतील; परंतु दर शंभरांतील पंच्याऐंशी जण अशा कामावर असतील की ज्याला आज नावही नाही, हे शक्य आहे का? अमेरिकेच्या एमआयटीतील अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणनेच्या जुन्या नोंदींतील व्यवसायांची नावे तपासून नेमका हाच प्रश्न मोजला आहे. 1940 मध्ये नोंदीत नसलेल्या व्यवसायांत 2018 साली काम करणाऱ्यांचे प्रमाण त्यांना सुमारे 60 टक्के आढळले. या 78 वर्षांत दूरचित्रवाणी आली, संगणक आला, इंटरनेट आले, मोबाइल आला, आणि एवढ्या सगळ्या उलथापालथीनंतर तो आकडा 60 वर पोहोचला. संदेशातील दावा मात्र 2017 पासून 13 वर्षांत 85 टक्क्यांचा आहे. मी त्या क्लासच्या नंबरवर फोन करून हा आकडा कशाच्या आधारे दिला असे विचारले, तेव्हा ‘सर, तो सगळीकडे आहे,’ एवढेच उत्तर मिळाले. एका सतरा वर्षांच्या मुलीचे शिक्षण थांबवायला निघालेल्या माणसांनी एवढ्याशा आधारावर तिच्या वडिलांना घाबरवावे, याचा मला मनापासून संताप येतो.

30 कोटींचा आकडा निदान खऱ्या कागदावरचा आहे, पण त्याचे क्रियापद बदलले गेले आहे. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने मार्च 2023 मध्ये म्हटले होते ते असे की, 30 कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे काम स्वयंचलित होण्याच्या कक्षेत येऊ शकते. बहुतेक नोकऱ्यांतील काही भागच असा असून अनेक ठिकाणी यंत्र माणसाच्या जोडीला राहील, हेही त्याच अहवालात आहे. ‘कक्षेत येऊ शकते’ याचे संदेशात ‘जाणार आहेत’ झाले. जागतिक आर्थिक मंचाच्या 2025 च्या अहवालात 2030 पर्यंत 9.2 कोटी नोकऱ्या संपतील आणि 17 कोटी नव्या निर्माण होतील असे म्हटले आहे. तोही अंदाजच असल्याने मी त्यावर विसंबणार नाही, पण संदेश लिहिणाऱ्याला त्यातला सोयीचा अर्धा भाग तेवढा दिसला असावा.

आता अंदाज चुकत नाहीत या दाव्याकडे येतो. एप्रिल 2011 मध्ये गार्टनर या अशाच एका नामांकित विश्लेषक संस्थेने भाकीत केले की 2015 साली स्मार्टफोनच्या बाजारात मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा वाटा 19.5 टक्के असेल आणि तो आयफोनच्या पुढे जाईल. त्याच सुमारास आयडीसी या दुसऱ्या संस्थेने 20.9 टक्के सांगितले. 2015 च्या अखेरच्या तिमाहीत खुद्द गार्टनरच्याच मोजणीनुसार हा वाटा 1.1 टक्के होता. अँड्रॉइड पहिल्या क्रमांकावर राहील हे त्यांनी बरोबर ओळखले होते, हे मान्य केले पाहिजे. पण दिशा कळली म्हणून आकडा कळला असे होत नाही, आणि कोणी तरी आपला निर्णय घेतो तो आकड्यावर विसंबून. 

अंदाज म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. पावसाचा अंदाज चुकला म्हणून 2017 मध्ये बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. तरीही हवामान खाते आपल्या मोसमी अंदाजासोबत चार-पाच टक्क्यांची संभाव्य चूक जाहीर करते आणि हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष पाऊस किती झाला हे त्या अंदाजाशेजारी मांडते. ‘19.5’ असा दशांशासह आलेला आकडा वाचणाऱ्याला मात्र अशी कोणतीच चूक दिसत नाही. शिवाय गार्टनरसारख्या संस्थांना पैसे देणाऱ्यांत तंत्रज्ञान विकत घेणाऱ्यांबरोबर ते विकणाऱ्या कंपन्याही असतात. आपल्या उत्पादनाला कमी दर्जा दिल्याबद्दल झेडएल टेक्नॉलॉजीज या कंपनीने 2009 मध्ये गार्टनरला कोर्टात खेचले, तेव्हा गार्टनरचा बचावच असा होता की आमची मांडणी हे मत आहे, खरे-खोटे सिद्ध करण्याजोगे विधान नाही. आणि अमेरिकेतील न्यायालयांनी तो ग्राह्य धरला. या संस्था स्वतः ज्याला मत म्हणतात, त्याला दाजींनी भविष्य का समजावे?

संदेशात एक अर्धे सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने का होईना, मान्य करतो. नवशिक्यांसाठीच्या आयटी नोकऱ्या पूर्वीइतक्या सहज मिळत नाहीत. टीसीएसने जुलै 2025 मध्ये 12 हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि आमच्या कारखान्यातही जे साधे कोडिंग पूर्वी दोन नवी मुले करत असत, ते आता एक जण एआयच्या मदतीने करतो. परंतु त्या एकाला निवडताना आम्ही डेटाबेस, नेटवर्क आणि गणित यांचा पाया पाहतो, कारण एआयने लिहून दिलेल्या कोडमधली चूक ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या हाती उत्पादनाचा हिशोब देता येत नाही. सहा महिन्यांत साधने वापरता येतात, आणि ती तिने अवश्य शिकावीत; तो पाया मात्र तेवढ्या वेळात होत नाही.

पदवीवर पैसे वाया जातात, हे तर या मुलीच्या बाबतीत सरळ चुकीचे आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही, एवढे पाहून पर्याय भरावे लागतात. माझी भाची या अटींत बसते. म्हणजे शुल्कमाफ पदवी सोडून, सोयाबीनच्या पैशांतून 80 हजार रुपये भरा, असा सल्ला हा संदेश तिच्या वडिलांना देत होता.

मी दाजींना अर्ज आहे तसा ठेवायला, उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रे मुदतीआधी तपासून घ्यायला सांगितले आहे. क्लाससाठी काढून ठेवलेले 80 हजार तिच्या वसतिगृहासाठी आणि मेससाठी लागतील.