दक्षिण सुदानने तेल बंद केलं ते निव्वळ हट्टापायी?

दक्षिण सुदानचा विषय निघाला की एक दावा हमखास कानावर येतो: ‘स्वातंत्र्य आयतं मिळालं, जमिनीखाली तेल होतं, तरी सहा महिन्यांत हट्टाने तेल बंद करून त्यांनी शेजाऱ्याशी भांडण उकरून काढलं.’ हे वाचून मला मनापासून चीड येते.

‘आयतं’? सुदान एकच देश असताना १९८३ ते २००५ खार्तुमचं (सुदानच्या राजधानीतलं) सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांच्यात युद्ध चाललं. लढाईत, उपासमारीत, रोगराईत मिळून सुमारे २० लाख माणसं गेली. त्यानंतर जानेवारी २०११ च्या सार्वमतात ९८.८३ टक्के लोकांनी वेगळ्या देशाला कौल दिला.

भांडण उकरलं कुणी? ९ जुलै २०११ ला देश जन्मला. त्याच्या आधीच, मे महिन्यात, सुदानच्या सैन्याने दोन्ही बाजू हक्क सांगत असलेला सीमेवरचा अबेई भाग ताब्यात घेतला होता. सीमासुद्धा पुरती आखलेली नव्हती.

आता तेल. एकत्र सुदानचं सुमारे तीन चतुर्थांश तेल दक्षिणेत निघायचं, पण ते समुद्रापर्यंत नेणारी पाइपलाइन आणि पोर्ट सुदान बंदर राहिलं उत्तरेत. वाहतुकीसाठी खार्तुमने बॅरलमागे सुमारे ३६ डॉलर मागितले. जुबा, म्हणजे दक्षिण सुदानचं सरकार, एका डॉलरच्या आसपास अडून बसलं. (जुबाचा आकडाही अवाजवी होता, हे मान्य.) करार होईना, तेव्हा थकबाकीच्या नावाखाली खार्तुमने दक्षिणेचं तेल परस्पर काढून घ्यायला सुरुवात केली. म्हणून जानेवारी २०१२ मध्ये रोजचं साडेतीन लाख बॅरलच्या घरातलं उत्पादन थांबलं. सरकारचं ९८ टक्के उत्पन्न तेलाचं होतं. त्याची झळ सामान्य माणसाला फार बसली. निर्णय चुकला असं कुणी म्हणालं तर चर्चा होऊ शकते. पण आपला माल डोळ्यांदेखत जात असताना नळ बंद करणं याला नुसता हट्ट म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१२ च्या अदिस अबाबा करारात दर बॅरलमागे ९ ते ११ डॉलरवर आला. त्याशिवाय सुदानला सुमारे ३ अब्ज डॉलर वेगळे द्यायचे ठरले.

एप्रिल २०१२ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने सुदानच्या ताब्यातलं हेगलिगचं तेलक्षेत्र बळकावलं, त्याचं समर्थन मी करणार नाही. दहाएक दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. पण त्याच महिन्यात सुदानची विमानं दक्षिणेतल्या बेंतियू शहरावर बॉम्ब टाकत होती, हे दावा करणारे सांगत नाहीत.

आणि डिसेंबर २०१३ चं यादवी युद्ध? त्याचा दोष खार्तुमवर ढकलता येणार नाही. तो सत्तेसाठी भांडणाऱ्या दक्षिणेच्याच दोन नेत्यांचा: तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपाध्यक्ष रीक माचार यांचा. नेत्यांना जाब विचारायचा तर त्यासाठी विचारा.