लिलावातली गाडी आणि माझे अडीच लाख

गेल्या महिन्यात तीन ओळखीच्यांनी मला एकच रील पाठवलं. हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून आणलेल्या गाड्या, निम्म्या किमतीत! मी गेल्या वर्षी लिलावात गाडी घेतली हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

बजेट अडीच लाख. त्यातले साठ हजार बायकोच्या भिशीचे, त्यामुळे अडीच म्हणजे अडीचच. डीलरकडे त्या पैशात जे दिसत होतं त्याला पॉलिश भरपूर आणि खुलासे कमी. म्हणून एका बँकेच्या ऑनलाइन लिलावात वीस हजार अनामत भरली आणि आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींना घेऊन यार्डात गेलो, पुण्याजवळ नगर रस्त्याला.

यार्ड म्हणजे तारेच्या कुंपणातलं शेत. गाड्यांवर खडूने लॉट नंबर, टायर बसलेले, बॅटऱ्या मेलेल्या. काहींच्या किल्ल्याच नाहीत. चालवून बघायचं नाव काढायचं नाही. फार तर उभ्या उभ्या सुरू करून बघा. मिस्त्री पोत्यात स्वतःची बॅटरी आणि वायरी घेऊन आले होते. त्या पोत्याचे उपकार मी विसरणार नाही.

माझा जीव एका पांढऱ्या सेडानवर आला. 2017 ची, एकही ओरखडा नाही, बोली सुरू होणार 1,60,000 पासून. दार उघडलं आणि अत्तराचा भपका आला. आम्ही सांगलीचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरातून उतरल्यावर आठवडाभर जो वास होता, तो या अत्तराच्या खालून बरोबर आला. मिस्त्रींनी काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला, अगदी संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट रेघ. मग डिकीतली स्टेपनी उचलली. खाली भेगा पडलेला बारीक गाळ. गाडी धुणारे सगळं धुतात, पण एवढ्या खोलात कोणी हात घालत नाही. आत पाणी गेलेल्या गाडीत इंजिन एकवेळ दुरुस्त होतं. वायरिंग मात्र वर्षभर हप्त्याहप्त्याने बिघडत राहतं.

मग बघितली 2016 ची ऑल्टो के10. धुळीने माखलेली, मागच्या सीटवर उंदरांच्या लेंड्या. मिस्त्रींनी ऑईलची पट्टी काढून माझ्या तळहातावर टेकवली. काळं, काकवीसारखं दाट. ग्लोव्ह बॉक्समध्ये सर्व्हिस बुक सापडलं: दहा, वीस, तीस, चाळीस हजारांना शिक्के. पुढे कोरं. मीटर 58,000 किलोमीटर.

रीलवाले जे सांगत नाहीत ते इथे आहे. ज्याचे हप्ते थकतात त्याचं सर्व्हिसिंग हप्त्यांच्या आधी थकतं. माणूस आधी ऑईल बदलणं पुढे ढकलतो, मग टायर, मग विमा, आणि अगदी शेवटी हप्ता. म्हणजे आपल्या हातात येणारी गाडी तिची शेवटची दीड-दोन वर्षं उपाशी चाललेली असते, आणि त्यावर सहा-आठ महिने उन्हापावसात उभी. ती 'स्वस्त' नसते. तो थकलेला खर्च आता आपल्या नावावर येतो, इतकंच.

म्हणून तिथेच, बोनेटवर वही ठेवून, हिशेब उलटा केला. टायर-बॅटरी 18,000. सर्व्हिसिंग, क्लच, ब्रेक 15,000. विमा 9,000. आरटीओ आणि जुनी ई-चलनं 10,000. टोइंग 6,000. आणि इंजिनाने दगा दिलाच तर 20,000. झाले 78,000. म्हणजे बोली 1,72,000 च्या वर जायची नाही. जीएसटी धरून की वेगळा, हेही नोटिशीत आधी वाचा. आमच्यात धरून होता.

लिलावाच्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात मोबाइल घेऊन उभा. सुरुवात 1,30,000, पायरी दोन हजारांची. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढते, आणि त्या पाच-पाच मिनिटांत माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. 1,72,000 झाले. समोरच्याने 1,74,000 केले. अंगठा स्क्रीनवर होता, खोटं कशाला बोलू. बायकोने सकाळी तो आकडा माझ्या डब्याच्या झाकणावर पेनाने लिहून दिला होता. थांबलो. गाडी गेली 1,98,000 ला.

महिन्याने तोच लॉट परत यादीत! यार्डातल्या पोराने सांगितलं, जिंकलेल्याने उरलेले पैसे भरलेच नाहीत, अनामत बुडाली. नेहमीचे डीलर म्हणे 1,64,000 लाच थांबले होते. डीलरला त्याच्या गॅरेजचं काम स्वस्तात पडतं, पण त्याला वर नफाही सोडावा लागतो. त्यामुळे तो थांबतो तिथून थोडं वर जायला आपल्याला हरकत नाही. थोडं म्हणजे थोडं. दुसऱ्या खेपेला मला ती 1,66,000 ला मिळाली.

आणि खरा वनवास कागदांचा. ओढून आणलेल्या गाडीचं मूळ आरसी बुक, म्हणजे नोंदणीचा कागद, जुन्या मालकाकडेच असतं, आणि तो ते आनंदाने कशाला देईल? मग बँकेला फॉर्म 36 भरून आधी स्वतःच्या नावावर नवं आरसी काढावं लागतं. त्यानंतर बँकेकडून आपल्या नावावर करायला नेहमीचे फॉर्म 29 आणि 30. लिलावातल्या खरेदीचा फॉर्म 32 सरकारी लिलावासाठी असतो, तो इथे चालत नाही, हे मला आरटीओच्या खिडकीवर दुसऱ्या फेरीला कळलं. बोली लावण्याआधी बँकेला एकच प्रश्न विचारा: आरसी तुमच्या नावावर झालंय का? "होऊन जाईल" असं उत्तर आलं तर तीन महिने धरून चाला. आमची ऑल्टो तेवढे दिवस सोसायटीत कव्हर घालून उभी होती आणि वॉचमन रोज विचारायचा, साहेब, बिघडली का?

इंजिनाने दगा दिला नाही. चलनं मात्र 4,500 ची निघाली, त्यातली तीन एकाच सिग्नलवरची.

परवा अखेर नवं आरसी पोस्टाने आलं. नाव माझंच आहे, आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. सोमवारी परत आरटीओ.